सॅलडची पानं: आधी ताटात काय आहे ते बघा

मराठीत 'निवडणं' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि सॅलड करणाऱ्याला दोन्ही लागतात. एक म्हणजे दुकानात चार गड्ड्यांपुढे उभं राहून त्यातला एक उचलणं. दुसरा म्हणजे घरी आल्यावर पानं पुढ्यात घेऊन सडकी, पिवळी, मातीची बाजूला काढणं. पहिल्यात मी बरीच वर्षं नापास होत होतो आणि दुसऱ्याचा मला कंटाळा. त्यामुळे आमच्याकडचं सॅलड म्हणजे वाडग्याच्या तळाशी पाणी आणि त्यावर माना टाकलेली पानं.

रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. बायको उशिरा येते, मुलगी भुकेने कावलेली असते आणि मला घरात शिरल्यापासून पाऊण तासात काहीतरी वाढायचं असतं. अशा वेळी सॅलड हा सोपा मार्ग वाटतो, पण तो सोपा तेव्हाच होतो जेव्हा पानं बरोबर आणलेली असतात. माझी चूक अशी की मी पानं त्यांच्या रूपावर किंवा कीर्तीवर आणायचो. केल, म्हणजे कोबीच्या कुळातली जाड पानांची भाजी, फार चांगला म्हणे, आणा केल. लाल पान सुंदर दिसतंय, आणा लाल पान. मग ताटात मऊ वाफवलेला मासा आणि शेजारी दोरखंडासारखा केल. मुलगी अर्धा तास एक घास चघळत बसली होती.

आता मी उलट जातो. आधी ठरवतो की आज जेवायला काय, मग पानं. जेवण तेलकट, तुपकट, भरभक्कम असेल तर पान तिखट किंवा कडू हवं, म्हणजे तोंड साफ होतं. जेवण साधं आणि सौम्य असेल तर पानही मऊ, गोडसर. जेवण झणझणीत असेल तर पानाला चव नसली तरी चालते, गारवा आणि कुरकुरीतपणा हवा. आणि पानांवर काही गरम पडणार असेल तर पान दणकट हवं, नाहीतर त्याचा लगदा होतो. एवढंच गणित आहे, बाकी तपशील.

तपशिलात आइसबर्गपासून, म्हणजे कोबीसारख्या गोल, घट्ट गड्ड्याच्या लेट्यूसपासून, सुरुवात करतो, कारण त्याला सगळे नावं ठेवतात. त्यात जवळजवळ 95 टक्के पाणी असतं आणि चव म्हणाल तर नावालाच, हे खरं. पण तिखट रश्शाशेजारी गार आइसबर्गची जाड फोड ठेवून बघा. तिथे दुसरं कुठलंही पान एवढं काम करत नाही. फक्त त्याचे बारीक धागे करू नका, ते पाच मिनिटांत पाणी सोडतात. कोबीसारखे चार किंवा सहा मोठे तुकडे करा आणि वरून दह्याचं दाट काहीतरी ओता.

रोमेन हा लांबट, मधे जाड शिर असलेला प्रकार. घरात एकच लेट्यूस ठेवायचं असेल तर मी हेच सांगेन. शिर करकरीत, पानाचं टोक मऊ, एकाच पानात दोन्ही. अंडं, चीज, लसूण असल्या दाट ड्रेसिंगचं, म्हणजे पानांना लावायच्या मिश्रणाचं, वजन ते पेलतं. प्रसिद्ध सीझर सॅलडला हेच पान लागतं, ते उगाच नाही. बटरहेड याच्या अगदी उलटं. सैल गोल गड्डा, पानं इतकी नाजूक की बोटाचा ठसा उमटतो. त्याला फक्त लिंबू, तेल, मीठ. आणि ते ज्या दिवशी आणाल त्याच दिवशी संपवा.

अरुगुलाचा पत्ता मला उशिरा लागला. तो लेट्यूसचा नातेवाईक नाहीच, तो मोहरी-मुळ्याच्या कुळातला. म्हणून त्याचा झणका जिभेवर लगेच लागत नाही. पान दातांखाली चिरडलं की त्यातली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि मग नाकात जातो. भाजलेले बटाटे, तळलेली अंडी, चीज घातलेलं काहीही, यांच्याशेजारी अरुगुला ठेवला की दुसरं लोणचंबिणचं लागत नाही. पानं कोवळी, लहान घ्या. मोठी, जून पानं बहुधा जास्त झोंबतात. मुलगी आधी 'बाबा, हे पान चावतं' म्हणायची. आता तेच तिला आधी हवं असतं.

पालक कच्चा खायचा तर कोवळाच. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, त्यामुळे खाल्ल्यावर दातांवर खडू घासल्यासारखं वाटतं. पण गरम कडधान्यांच्या किंवा परतलेल्या मश्रूमच्या उष्णतेने तो जेमतेम नमतो आणि त्या अवस्थेत फार छान लागतो. रॅडिकिओ, एंडाइव्ह ही चिकोरीच्या घरातली कडू मंडळी. चिरून अर्धा तास गार पाण्यात ठेवली तर कडवटपणा थोडा उतरतो, उरलेल्याला मध किंवा संत्र्याचा रस समजूत घालतो. दोनच पानं बाकीच्यांत मिसळून सुरुवात करा, अख्खं वाडगं कडू केलंत तर घरातली माणसं तुमच्यावर विश्वास ठेवायचं सोडतील.

केलबद्दलची माझी नाराजी आता मिटली आहे. त्याचा दोष नव्हता, मी त्याला चोळला नव्हता. मधली शिर काढून टाकायची, पानं बारीक चिरायची, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तेल घालून दोन्ही हातांनी दोन-तीन मिनिटं कणीक मळतात तसं मळायचं. बघता बघता ढीग निम्मा होतो आणि रंग गडद होतो. असं सॅलड दुसऱ्या दिवशीही चांगलं राहतं, जे इतर पानांच्या बाबतीत विसरा. आणि कोबी! सॅलडच्या पानांत त्याला कोणी विचारत नाही, पण सगळी पानं संपलेली असताना फ्रिजच्या तळाशी दोन आठवडे निमूट बसलेला कोबीच रात्रीची लाज राखतो. केसाएवढा बारीक चिरा, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा.

एक गोष्ट मधेच सांगून ठेवतो. हिरव्या पानांत के जीवनसत्त्व भरपूर असतं. घरात कोणी रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेत असेल तर पानांचं प्रमाण एकदम वाढवू किंवा कमी करू नये, रोज साधारण सारखं ठेवावं आणि बदल करायचा तर डॉक्टरांना विचारूनच.

दुकानात

गड्डा उचलला की आधी उलटा करा. वरच्या पानांवर पाणी मारून त्यांना ताजं भासवता येतं, देठाच्या कापाला फसवता येत नाही. काप पांढरट किंवा फिकट असेल तर तोडणी अलीकडची. तांबूस, सुकलेला, चिकट असेल तर ठेवून द्या. ताज्या लेट्यूसचा देठ कापला तर दुधासारखा चीक येतो. लेट्यूसचं शास्त्रीय नाव लॅक्टुका, ते लॅटिनमधल्या दूध या अर्थाच्या 'लॅक' शब्दावरूनच आलं. हा चीक कडू असतो. उन्हाच्या तडाख्यात झाड फुलावर यायला लागलं की मधला दांडा उंच होतो आणि पानं कडू होत जातात. म्हणून गड्ड्याचा मधला भाग लांबलचक, दांडीसारखा वर आलेला दिसला तर मी तो घेत नाही.

मग वजन. एकाच आकाराचे दोन गड्डे दोन हातांत घ्या. रोमेन, आइसबर्ग, कोबी असेल तर जड तो घ्या. बटरहेड हलकाच असतो, त्याला हा नियम लावू नका. पानं जरा फाकवून आत डोकावा. आतल्या कोवळ्या पानांच्या कडा काळपट असतील तर बाहेरून कितीही देखणा असो, घरी जाऊन निम्मा टाकावा लागेल.

डब्यातली मिश्र पानं घेताना मला एकदा चांगलाच धडा मिळाला. वरून बघितलं तर बाग, घरी जाऊन उघडलं तर खाली तळं. एक पान सडलं की त्याचा रस शेजारच्याला लागतो आणि दोन दिवसांत पूर्ण डबा चिकट. तेव्हापासून डबा उलटा करून तळ बघतो. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेले असतील, किंवा कोपऱ्यात एखादं गडद, ओलसर पान चिकटलेलं असेल, तर परत ठेवतो. आणि लहान डबाच घेतो.

घरी

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तो वाया जात नाही. मोठ्या पातेल्यात गार पाणी. पानं सुटी करून त्यात सोडायची, हाताने हलकेच ढवळायची आणि दोन मिनिटं हात काढून घ्यायचा. माती खाली बसते. आता पातेलं चाळणीत उपडं करायचं नाही! तसं केलं की खाली बसलेली सगळी रेती परत पानांवर. मी हे वर्षानुवर्षं करत होतो आणि दाताखाली कचकच आली की भाजीवाल्याला दोष देत होतो. पानं हातांनी वर उचलून घ्यायची, पाणी फेकायचं, तळाला बोट फिरवून बघायचं. बोटाला रेती लागली तर पुन्हा एकदा. साबण वगैरे अजिबात नको. पाकिटावर 'धुतलेली, खाण्यास तयार' असं लिहिलं असेल तर ती पानं पुन्हा धुवायची गरज नसते.

कोमेजलेली पानं टाकून देऊ नका. पानाचा ताठपणा पेशींत भरलेल्या पाण्यामुळे असतो. ते उडून गेलं की पान मान टाकतं, परत मिळालं की उठून बसतं. बर्फाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. चिकट किंवा काळी पडलेली मात्र उठत नाहीत, ती टाकाच.

मग वाळवणं. माझं मत विचाराल तर सॅलड बिघडतं ते शंभरात नव्वद वेळा इथे. ओल्या पानावर तेल टिकत नाही, घसरून खाली जातं, आणि तुम्ही घातलेलं मीठ-लिंबू पाण्यात विरघळून तळाशी बसतं. गरगर फिरवायचं सॅलड स्पिनर असेल तर उत्तम, पण त्यात पानं ठासून भरू नका, दोन खेपा करा. आमच्याकडे ते नव्हतं तेव्हा मी पानं स्वच्छ पंचात बांधून गोफणीसारखी फिरवायचो. एकदा हे स्वयंपाकघरात केलं आणि मुलीच्या गृहपाठाच्या वहीवर पाऊस पडला. बाहेर जाऊन फिरवा. नंतर पानं कोरड्या कापडावर पसरून दहा मिनिटं तशीच राहू द्या. हातात घेतल्यावर तळवा ओला होत नाही, तेव्हा झाली.

ठेवायची असतील तर डब्यात तळाशी कागदी रुमाल, वर पानं, त्यावर आणखी एक रुमाल, झाकण. रुमाल ओला झाला की बदला. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. माझी अख्खी खेप तिथे गोठली होती. सकाळी पानं काचेसारखी आरपार दिसत होती, बाहेर काढल्यावर तासाभरात चिखल. सफरचंद आणि केळीही लांब ठेवा. त्यांच्यातून इथिलीन वायू सुटतो आणि लेट्यूसच्या शिरांवर तांबूस ठिपके उठतात.

कालवताना

तीन भाग तेल, एक भाग लिंबू किंवा व्हिनेगर. मला स्वतःला दोनास एक आवडतं, विशेषतः जेवण जड असेल तेव्हा. आंबट रसात आधी मीठ विरघळवा, मग तेल, कारण तेलात मीठ विरघळत नाही. चमचाभर मोहरीची पेस्ट घातली तर दोन्ही एकजीव होतात. हे मिश्रण बोटाने चाखू नका, नुसतं चाखलं तर नेहमी जास्तच आंबट-खारट लागतं. एक पान त्यात बुडवून खा आणि मग ठरवा.

पानं लिंबामुळे लवकर मरतात असा माझा समज होता. पण खरा गुन्हेगार तेल. पानावर मेणाचा पातळ थर असतो, पाणचट गोष्टी त्यावरून ओघळून जातात, तेल मात्र त्या थरातून आत शिरतं आणि पान गडद होऊन मऊ पडतं. म्हणून सगळे ताटावर बसले की मगच कालवायचं. मोठं वाडगं, त्याच्या बाजूने ड्रेसिंग सोडायचं, हातांनी खालून वर उचलत सात-आठ वेळा. चार मुठी पानांना दोन मोठे चमचे पुरतात. तळाशी ड्रेसिंग साचलेलं दिसलं तर जास्त झालं.

काल बायकोला यायला नेहमीपेक्षा उशीर होणार होता. बटाटे भाजून ठेवले, अरुगुला आणि रोमेन निम्मे निम्मे करून कोरडे ठेवले, ड्रेसिंग बाटलीत. दारावर बेल वाजली तेव्हा अंडी तव्यावर टाकली आणि मुलीने बाटली हलवली. तरीही एक वाटीभर पानं उरली, कारण मी अंदाज चुकवतोच. कालवलेली पानं फ्रिजमध्ये ठेवण्यात अर्थ नसतो. ती बारीक चिरून सकाळी सूपच्या उकळीत शेवटच्या मिनिटाला टाकली. लिंबू त्यात आधीच होतं.