राखणदारांचा सत्कार: नाव शोधण्यापासून मानपत्रापर्यंत

जंगल, पाणथळ, कुरण किंवा किनारा राखणाऱ्यांना पुरस्कार द्यायचा ठरला की पहिली बैठक पाहुणे आणि मानचिन्ह यांतच संपते. ते शेवटी ठरवलं तरी चालतं. समारंभाच्या सहा महिने आधी नावं शोधायला लागा. त्यातले निदान दोन महिने प्रत्यक्ष पाहणीला ठेवा.

आधी निकष एका पानात बसवा: धोका काय होता, निर्णय कोण घेतं, किती वर्षं काम टिकलं (पाचपेक्षा कमी नको), जागेवर काय बदललं. ‘किती झाडं लावली’ हा निकष वगळाच. राखणं वेगळं, लावणं वेगळं. नैसर्गिक गवताळ माळावर झाडं लावली तर तो माळच संपतो.

फक्त लेखी अर्ज मागवलेत तर ज्यांच्याकडे लिहिणारा माणूस आहे त्यांचेच येतील. बोलून रेकॉर्ड केलेली माहिती चालवा, दुसऱ्याने नाव सुचवायची मुभा ठेवा, शुल्क घेऊ नका. वनरक्षक, गुराखी, मच्छीमार, शिक्षक यांना स्वतःहून विचारा. चांगली नावं बहुधा तिथूनच मिळतात.

पाहणीला दोघांनी जावं आणि मुक्काम करावा. तासाभराच्या भेटीत तुम्हाला दाखवायचं तेवढंच दिसतं. पायवाटेपासून आत जाऊन तोडलेल्या झाडांचे बुंधे बघा: ताजा काप फिकट आणि ओलसर असतो, जुना करडा पडून तडकलेला. जाळरेषा (वणवा अडवायला मोकळी ठेवलेली पट्टी) यंदा साफ केली आहे की तिच्यात गवत गुडघाभर वाढलंय? गस्तीची वही असेल तर नोंदी वेगवेगळ्या हातांच्या आणि शाईच्या आहेत का, ते पाहा. सगळ्या एकाच बैठकीत लिहिलेल्या वाटल्या तर प्रश्न विचारा. गूगल अर्थवर त्या जागेची जुनी उपग्रहचित्रं मोफत दिसतात, पण तुलना एकाच ऋतूतल्या चित्रांची करा, नाहीतर पानगळीलाच जंगलतोड समजाल. आणि पुढाऱ्यांना बाजूला ठेवून सरपण आणणाऱ्या बायकांशी आणि गुरं चारणाऱ्यांशी बोला. चराईबंदीची किंमत त्यांनीच मोजलेली असते. ती त्यांच्यावर लादली असेल तर तो अर्ज बाजूला ठेवलेला बरा.

व्यक्तीला गौरवायचं की गटाला, हे जाहिरातीआधी ठरवा. पर्यावरण राखणाऱ्यांना १९९० पासून दिला जाणारा गोल्डमन पुरस्कार मुख्यतः व्यक्तींसाठी आहे, तर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा, २००२ मध्ये सुरू झालेला इक्वेटर पुरस्कार स्थानिक आणि आदिवासी गटांसाठी. काम गटाचं असताना एकालाच मंचावर बोलावलं की परतल्यावर भांडणं लागतात. कोण येणार हे गटाच्या बैठकीत ठरू द्या, निदान दोघांना बोलवा, रक्कम दोन सह्यांनी चालणाऱ्या खात्यात द्या.

प्रसिद्धी म्हणजे कवच, असं धरून चालू नका. नदीवरच्या धरणाविरुद्ध लढणाऱ्या होंडुरासच्या बेर्ता कासेरेस यांना गोल्डमन पुरस्कार २०१५ मध्ये मिळाला. मार्च २०१६ मध्ये त्यांचा खून झाला. म्हणून नाव जाहीर करण्याआधी एकांतात विचारा: नाव छापायचं का, फोटो चालेल का, कोणाकडून धोका आहे का? नकार आला तर कारण न विचारता मान्य करा. दुर्मीळ वनस्पती किंवा घरट्यांची नेमकी जागा कुठेच छापू नका. नकाशावर ढोबळ परिसर दाखवला की पुरे.

रकमेखेरीज प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्या, तीही निघण्यापूर्वी. वस्तू द्यायची तर बॅटरी, रेनकोट, बूट असं काही, आणि मापं आधी विचारून. समारंभ वणव्याच्या हंगामात ठेवू नका, नाहीतर राखणदार मंचावर आणि जंगल मोकळं.

मानपत्रात ‘निसर्गाप्रती अतुलनीय योगदान’ असलं काही लिहू नका, ते कोणालाही लागू पडतं. ‘अमुक ओढ्याच्या दोन्ही काठांवर नऊ वर्षं आळीपाळीने रात्रीची गस्त’ असं लिहा. छपाईआधी मजकूर गटाला वाचून दाखवा: ओढ्याचं, वाडीचं आणि माणसांचं नाव तेच दुरुस्त करून देतील.