पुरोहिताशिवाय लग्न लावायचंय? आधी कागद, मग काकू

भाचीचं लग्न आम्ही सत्यशोधक पद्धतीनं, म्हणजे जोतीराव फुल्यांनी घालून दिलेल्या बिनपुरोहिताच्या पद्धतीनं लावलं. मंगलाष्टकं मीच म्हटली. चौथ्या दिवशी नोंदणीचा ‘नमुना ड’ भरायला बसलो. नवरा, नवरी, तीन साक्षीदार, सगळं नीट भरलं आणि एका रकान्याशी पेन अडलं: पुरोहिताचं नाव, पत्ता, सही. खिडकीतला कारकून म्हणाला, “बाई, भटजींची सही आणा.” म्हटलं, “लग्न मी लावलंय.” त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या भाजीच्या पिशवीकडे पाहिलं. दोन हेलपाटे झाले, शेवटी त्या रकान्यात माझी सही चालली.

तेव्हापासून अकरा लग्नं लावली. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वकील नव्हे. पण लोक पुन्हापुन्हा तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिलं काम कागदाचं. आमची चूक तीच झाली, आम्ही ते शेवटी ठेवलं. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ सांगतं की वधू किंवा वर, दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयानंही २०२४ मध्ये स्पष्ट केलं, की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानं हिंदू विवाह होत नाही. तमिळनाडूनं १९६७ मध्ये या कायद्यात ७-अ घालून पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना सरळ मान्यता दिली. ज्या महाराष्ट्रात जोतीराव झाले, तिथं असं कलम नाही. आपली पद्धत ही ‘रूढी’ आहे असा वाद घालता येतो, पण तो घालायची वेळ येते पोटगीच्या किंवा वारसाच्या भांडणात, आणि तेव्हा अंगात त्राण नसतं.

म्हणून सरळ १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करा आणि सोहळा आपल्या पद्धतीनं करा. दोघांपैकी एकजण निदान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहिलाय, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कार्यालयात लावतात. ३० दिवसांत योग्य हरकत आली नाही, तर तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा नवी नोटीस. म्हणजे हॉल ठरवण्याआधी नोटीस, हे लक्षात ठेवा. घरातून विरोध असेल, विशेषतः जात वेगळी असेल, तर ती भिंतीवरची नोटीस नको त्याच्या डोळ्यांसमोर येऊ शकते. अशा वेळी आधी वकिलाला गाठा, मग अर्ज करा.

थोरल्या माणसांचा हमखास प्रश्न: “कोर्टमॅरेज केलं तर वडिलार्जित जमिनीतला वाटा जातो ना?” दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर नाही. १९७६ च्या दुरुस्तीनं हे मिटवलं आहे. एवढं एक वाक्य सांगितलं की निम्मे मामा गप्प होतात.

आता काकू, म्हणजे घरच्यांची समजूत. सांगायची सुरुवात ‘आम्हाला हे नको, ते नको’ अशी करू नका. काय असणार आहे ते सांगा. हळद असेल, मुंडावळ्या असतील, वाजंत्री असेल, जेवण असेल. नसेल ते कन्यादान, कारण मुलगी म्हणजे दानाची वस्तू नाही. आणि नसेल दक्षिणा. इतिहासही सांगा, पण भाषण ठोकू नका. २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचं पहिलं लग्न लागलं. त्यामागे सावित्रीबाईंची खटपट होती. पुढं जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी ग्रामजोशांना, म्हणजे गावच्या वतनदार भटजींना, न बोलावता लग्न लावलं, तर जोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी दावा ठोकला. तो उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पाटलांच्या बाजूनं सुटला. मला ही गोष्ट फार आवडते. लग्नाला बोलावलंच नाही, तरी पैसे द्या! धर्म आणि वतन एकमेकांत किती गुंतले होते, हे याहून थोडक्यात कळणार नाही. शेतकरी घरातल्या आजोबांना ती सांगितली की ते मांडी ठोकून हसतात, आणि मग ते आपल्या बाजूचे.

मुहूर्तावरून ताणू नका. आमच्याकडे एकदा पौषातली तारीख धरली. हॉल रिकामा, भाडं निम्म्याला आलं. ज्यांचा मुहूर्तावर जीव होता त्या आत्याबाईंना हिशेब दाखवला. त्या म्हणाल्या, “मग जिलेबी वाढवा.”

प्रत्यक्ष सोहळा पाऊण तासाचा. आधी जोतीराव-सावित्रीबाईंच्या तसबिरीला दोघांनी हार घालायचा. मग मी जोतीरावांचे ‘अखंड’, म्हणजे त्यांची अभंगासारखी पदं, म्हणते. मग नवरा-नवरी आपापली प्रतिज्ञा वाचतात. ही त्यांनी स्वतः लिहावी, आणि आधीच एकमेकांना दाखवावी. एका नवऱ्यानं मंडपात ‘मी रोज स्वयंपाक करीन’ असं जाहीर केलं आणि सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग मंगलाष्टकं. जोतीरावांनी हा सगळा विधी १८८७ मध्ये छापून ठेवलाय. त्यांच्या मंगलाष्टकांत नवरी बायकांचे हक्क मागते आणि नवरा ते मान्य करतो. म्हणून ती, भाचीच्या लग्नात मी म्हटली तशी, एकाच माणसानं म्हणू नयेत, तिचं तिनं, त्याचं त्यानं म्हणावं. भाषा जुनी आहे, ठेच लागते. मोठ्या अक्षरात छापून आठ दिवस आधी हातात द्या आणि निदान दोनदा तालीम घ्या. शेवटी हार, टाळ्या, तिन्ही साक्षीदारांची नावं माईकवरून. विवाह अधिकाऱ्यासमोरच्या सह्या आधीच झालेल्या असतील तर तो दाखला तिथं वाचून दाखवा, पाहुण्यांना त्याचं फार अप्रूप वाटतं.

माईकचं मात्र जपा. आमच्या भागात लग्नाला पुढारी येतातच, सत्यशोधक म्हटलं की दोन जास्त येतात. ‘फुले-शाहू-आंबेडकर’ म्हणून सुरू करतात आणि कारखान्याच्या निवडणुकीवर उतरतात. त्यातले एकजण त्याच आठवड्यात स्वतःच्या मुलाच्या लग्नात चार पुरोहितांसमोर सोवळं नेसून बसले होते. त्यांना दोष देत नाही. मतं दोन्हीकडे असतात. फक्त शुभेच्छा जेवणाच्या पंगतीत द्यायला सांगा, मंगलाष्टकांआधी नको. सूत्रसंचालन घरच्या माणसाकडे असू द्या, कार्यकर्त्याकडे नको.

अक्षतांऐवजी झेंडूच्या पाकळ्या ठेवा, तांदूळ पायाखाली जात नाही. शंभर माणसांना दोन टोपल्या पुरतात. फुलं सकाळीच सोडायला बसा, नाहीतर पाकळ्या काळ्या पडतात. टोपली दारातच एका पोराच्या हातात द्या, म्हणजे प्रत्येकाची मूठ आपोआप भरते.

भाचीच्या लग्नात सगळे पाकळ्या टाकत होते. माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे नवरीच्या आईनं, कमरेच्या बटव्यातून चिमूटभर कुंकवाचे तांदूळ काढून पाकळ्यांत मिसळले. मी पाहिलं, तिनं मला पाहिलं. मी पुढची ओळ म्हटली.