वंचित समाजगटांच्या लैंगिक व प्रजनन आरोग्यावरील संशोधनासाठी निधी कसा मिळवावा

निधीसाठी अर्ज लिहायला बसण्यापूर्वी संशोधनाचा प्रश्न नेमका कोणाचा आहे, हे ठरवून घ्यावे. स्थलांतरित मजूर, निर्वासित, अपंग व्यक्ती, ट्रान्सजेंडर व्यक्ती, दुर्गम वस्त्यांमधील किशोरवयीन मुली अशा ज्या समाजगटांपर्यंत आरोग्यसेवा पोहोचत नाहीत, त्यांच्याविषयीच्या बऱ्याच प्रस्तावांची सुरुवात ‘या समुदायात गर्भनिरोधकांबाबत जागरूकता कमी आहे’ अशा धर्तीच्या वाक्याने होते. असे वाक्य सगळा दोष लोकांच्या माथी मारते आणि व्याख्याने देण्यापलीकडे संशोधकाला काही करण्याजोगे शिल्लक ठेवत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहावे : ‘गर्भनिरोधक इंजेक्शनचा पहिला डोस घेतलेल्या स्त्रियांपैकी किती जणी तीन महिन्यांनी दुसऱ्या डोससाठी येतात, ज्या येत नाहीत, त्यांना केंद्रातील साठा संपल्यामुळे परत जावे लागले, पाळीतील बदलांविषयी कोणी आधी सांगितले नसल्यामुळे त्या घाबरल्या, की घरातून विरोध झाला?’ हा प्रश्न मोजता येतो आणि त्याच्या प्रत्येक संभाव्य उत्तरावर कोणीतरी काहीतरी करू शकते. प्रस्ताव तपासणाऱ्यांना नेमके हेच पाहायचे असते. असा प्रश्न मात्र टेबलाशी बसून सुचत नाही. त्यासाठी त्या वस्तीतील स्त्रियांशी आणि तेथील परिचारिकेशी निवांत बोलावे लागते.

त्यानंतर निधीदाता शोधावा. जागतिक पातळीवर या विषयाला वाहिलेल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक म्हणजे १९७२ मध्ये सुरू झालेला, जागतिक आरोग्य संघटनेत काम करणारा मानवी प्रजननविषयक विशेष संशोधन कार्यक्रम, म्हणजेच ‘एचआरपी’. त्याच्याशी जोडलेली ‘एचआरपी अलायन्स’ कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील संशोधकांच्या क्षमतावाढीसाठी काम करते, त्यामुळे नवख्या संशोधकाने तेथून शोध सुरू करणे शहाणपणाचे ठरते. आरोग्य संशोधनाला पैसा देणारी ब्रिटनमधील धर्मादाय संस्था वेलकम, गेट्स फाउंडेशन, विकासविषयक संशोधनाला निधी देणारी कॅनडाची सरकारी संस्था आयडीआरसी, आरोग्य संशोधनाला निधी देणारी ब्रिटनची सरकारी संस्था एनआयएचआर यांच्या घोषणांवरही लक्ष ठेवावे. एनआयएचआरच्या जागतिक आरोग्य संशोधनाच्या योजनांमध्ये तर समुदायाच्या सहभागाचा आराखडा मागितलाच जातो. निधीदात्याची ध्येयधोरणे वाचण्यापेक्षा त्याने अलीकडे मंजूर केलेल्या प्रकल्पांची यादी वाचावी. पैसा प्रत्यक्षात कोठे जातो, ते त्या यादीतून कळते. बहुतेक मोठे निधीदाते लेखापरीक्षणाची आणि नैतिकता समितीची (संशोधनात सहभागींचे हित जपले जाते का, हे तपासणाऱ्या समितीची) व्यवस्था असलेल्या संस्थांनाच अनुदान देतात, म्हणून छोट्या संस्थेने विद्यापीठाशी भागीदारी करावी. पण अंदाजपत्रकातील आपला वाटा आणि निर्णयातील आपला अधिकार अर्ज पाठवण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावा.

या क्षेत्रात राजकारणाचा फटका इतर विषयांपेक्षा लवकर बसतो, हे गृहीत धरूनच आखणी करावी लागते. अमेरिकेने १९८४ मध्ये जाहीर केलेले ‘मेक्सिको सिटी धोरण’ गर्भपाताशी संबंधित काम करणाऱ्या परदेशी स्वयंसेवी संस्थांचा निधी अडवते, आणि तेथे सत्ताबदल झाला की ते कधी रद्द होते, कधी पुन्हा लागू होते. १९८४ पासूनच अनेक देशांत प्रजनन व आरोग्यविषयक माहिती गोळा करणारा, अमेरिकी पैशावर चालणारा ‘डीएचएस’ (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे) सर्वेक्षणांचा कार्यक्रम २०२५ मध्ये ती मदत थांबताच ठप्प झाला. म्हणून अनेक वर्षांचा अभ्यास एकाच निधीदात्याच्या भरवशावर उभारू नये. प्रत्येक टप्प्याचे स्वतंत्र निष्कर्ष निघतील अशी त्याची रचना केली, तर मधेच पैसा थांबला तरी लोकांनी दिलेली माहिती वाया जात नाही.

बहुतेक ठिकाणी आधी दोन-तीन पानांचे संकल्पना-टिपण मागितले जाते. त्यात प्रश्न, लोक, पद्धत, मुदत आणि ढोबळ खर्च एवढेच असावे.

अंदाजपत्रकाला मात्र भरपूर वेळ द्यावा, कारण संशोधकाला समुदायाची किती कदर आहे, हे तेथे उघड होते. मुलाखतीसाठी दार बंद करता येईल अशी खोली लागते. ती फुकट मिळेल असे धरून चालू नये, तिचे भाडे लिहावे. मुलाखत देणाऱ्या स्त्रीचा बुडालेला रोज, तिचा प्रवासखर्च आणि तेवढा वेळ तिचे मूल सांभाळणाऱ्या व्यक्तीचे मानधन यांसाठी स्वतंत्र ओळी असाव्यात. प्रश्नावलीचे स्थानिक बोलीत भाषांतर, ते तपासण्यासाठी पुन्हा मूळ भाषेत उलट भाषांतर आणि काही मोजक्या लोकांबरोबर तिची चाचणी यांचा खर्चही धरावा. समुदायातील सल्लागार गटाला प्रस्ताव लिहिण्याच्या टप्प्यापासूनच मानधन मिळायला हवे. दिवसभर फुकट सल्ला देणे परवडेल अशीच माणसे त्या गटात उरली, तर ज्यांचे ऐकायचे ते बाहेरच राहतात.

सर्वांत जास्त विसरली जाणारी बाब म्हणजे पुढील उपचार. अभ्यासात सिफिलिसची तपासणी असेल आणि ती सकारात्मक आली, तर बेन्झाथिन पेनिसिलिन कोठे मिळेल, ते देणार कोण आणि जोडीदाराच्या तपासणीचे काय, याची उत्तरे खर्चासह लिहावीत. मुलाखतीत एखादीने मारहाणीविषयी सांगितले तर तिला कोणाकडे पाठवायचे, हे त्याच दिवशी शोधत बसणे धोक्याचे असते. मदत देणाऱ्या संस्थेशी आधीच बोलणी झालेली असावीत. असे अनुभव रोज ऐकणाऱ्या मुलाखतकारांनाही मानसिक आधार लागतो, तेव्हा त्याचीही तरतूद करावी. अप्रत्यक्ष खर्चावर, म्हणजे संस्था चालवण्याच्या सर्वसाधारण खर्चावर, बहुतेक निधीदाते मर्यादा घालतात, म्हणून हिशेबनीसाचा वेळ किंवा माहितीच्या सुरक्षित साठवणुकीचा खर्च थेट खर्चात दाखवता येतो का, हे आधी विचारून घ्यावे.

नैतिकता समितीकडे जाताना केवळ छापील नमुने भरून देणे पुरेसे नाही. समजा, गर्भपात करून घेतलेल्या स्त्रियांशी बोलायचे आहे. अशा स्त्रीची सही असलेले संमतीपत्र हाच तिचे नाव अभ्यासाशी जोडणारा एकमेव कागद असू शकतो आणि तो चुकीच्या हाती पडला तर तिच्यावर संकट ओढवू शकते. वैद्यकीय विज्ञान संस्थांची आंतरराष्ट्रीय परिषद असलेल्या ‘सीआयओएमएस’ची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे अशा परिस्थितीत सहीची अट शिथिल करण्याची मुभा समितीला देतात. ती मागावी आणि तोंडी संमतीची नोंद कशी ठेवणार, ते सविस्तर लिहावे. नावे आणि उत्तरे कधीही एकाच फाइलमध्ये ठेवू नयेत. किशोरवयीन मुलामुलींच्या बाबतीत पालकांची परवानगी घेतल्यानेच मुलांना धोका होणार असेल, तर ती अट शिथिल करण्याची विनंतीही समितीकडे करता येते, मात्र त्यासाठी ठोस कारणे आणि स्थानिक कायद्याचा अभ्यास लागतो. या मंजुरीला अनेकदा महिने जातात. वेळापत्रकात तेवढी जागा ठेवावी.

नमुना, म्हणजे अभ्यासात सहभागी होणारे लोक, निवडताना घरोघरी जाऊन सर्वेक्षण करण्याचा आग्रह धरू नये. ज्यांना ओळख लपवून जगावे लागते, ते लोक घराच्या यादीत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी १९९७ मध्ये मांडली गेलेली, सहभागी व्यक्तींनीच ठरावीक संख्येने कूपने देऊन ओळखीच्या पुढच्या व्यक्तींना बोलावण्याची पद्धत वापरता येते. विश्लेषणासाठी सांख्यिकीतज्ज्ञ मात्र सुरुवातीपासून सोबत हवा.

निष्कर्ष समुदायाला परत सांगण्यासाठी वेगळा निधी मागावा आणि तो शोधनिबंध छापण्याच्या खर्चात मिसळू नये. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली, तिच्यामागे वर्षानुवर्षे माहिती देऊनही हाती काहीच न पडल्याचा अनुभव होता. माहिती कोणाची, ती पुढे कोण वापरणार आणि प्रसिद्धीपूर्वी समुदायाला ती कधी दाखवणार, हे प्रस्तावातच लिहिले, तर तपासणाऱ्यांचा विश्वासही वाढतो.

अर्ज नामंजूर झाला तर परीक्षकांचे शेरे अवश्य मागवावेत. त्यातील पद्धतीविषयीचे आक्षेप दुरुस्त करावेत. समुदायासाठीचा खर्च जास्त आहे असा शेरा असेल, तर तो कापण्यापूर्वी सल्लागार गटापुढे ठेवावा, कारण लहान नमुना आणि पुरेशी सुरक्षितता, की मोठा नमुना आणि अपुरी सुरक्षितता, ही निवड त्यांना डावलून करता येत नाही. माझ्या मते अशा वेळी नमुना लहान करावा आणि पुढच्या फेरीत त्याच प्रश्नासह पुन्हा अर्ज करावा.