गाडीच्या स्क्रीनमध्ये बाहेरचं अ‍ॅप टाकायचंय? आधी एवढी तयारी करा

पहिलं काम म्हणजे गाडीत नेमकं काय बसवलंय ते बघणं. ‘माझ्या गाडीत अँड्रॉइड आहे’ असं छातीठोक सांगणाऱ्या बऱ्याच जणांकडे असतं ते अँड्रॉइड ऑटो. त्यात अ‍ॅप चालतं फोनमध्ये, गाडीची स्क्रीन फक्त ते दाखवते. तुमचं तसंच असेल तर गाडीत टाकण्यासारखं काही नाहीच, अ‍ॅप फोनमध्ये घ्या आणि मोकळे व्हा. अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह हे वेगळं प्रकरण. २०२० च्या पोलस्टार २ पासून ते थेट गाडीत येऊ लागलं. व्होल्वोच्या इलेक्ट्रिक गाड्यांत ते प्ले स्टोअरसकट मिळतं, पण त्या स्टोअरमध्ये गाडीसाठी मंजूर झालेलीच अ‍ॅप्स दिसतात. तिसरा प्रकार बीवायडीच्या डायलिंकसारखा, आतून अँड्रॉइड आणि वरून कंपनीचं स्वतःचं रूप. बाहेरून एपीके (अँड्रॉइड अ‍ॅप बसवायची फाइल) टाकायची खटपट मुख्यतः अशा गाड्यांत चालते. क्यूएनएक्स किंवा साधं लिनक्स अशा वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या स्क्रीनचा मात्र एपीकेशी संबंधच येत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टीमची माहिती उघडा. अँड्रॉइडची आवृत्ती लिहिलेली दिसली तरच पुढच्या तयारीला अर्थ आहे.

मग हव्या असलेल्या अ‍ॅप्सची यादी करा आणि त्यातली अर्धी खोडून टाका. माझ्या मते एवढा खटाटोप करण्याच्या लायकीच्या दोनच गोष्टी आहेत: ऑफलाइन नकाशा आणि मराठी कीबोर्ड. घाटात रेंज गेली की ऑनलाइन नकाशा गपगार पडतो. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड असेल तर महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वाय-फायवर आधीच उतरवून ठेवता येतो. व्हिडिओच्या अ‍ॅप्सचा मोह आवरा. टाटाने २०२३ च्या नेक्सॉन ईव्हीत आर्केड हे व्हिडिओ-गेम्सचं अ‍ॅप स्टोअर दिलं ते गाडी उभी असताना, चार्जिंगला लावलेली असताना बघायला. बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपला गाडी उभी आहे की ऐंशीच्या वेगात, याचा पत्ता नसतो. बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप्स गाडीत नकोतच, त्यावर चर्चाही नको.

खरी मेहनत फाइलची. ती एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स अ‍ॅप्सच्या स्टोअरवरून किंवा अ‍ॅप बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. ‘मॉड’, ‘प्रीमियम अनलॉक्ड’ असं मिरवणारं काही नको. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नवीन अ‍ॅप एकसंध एपीके म्हणून चढवता येत नाही, बंडल द्यावं लागतं, ज्यातून प्रत्येक फोनसाठी वेगवेगळे तुकडे तयार होतात. त्यामुळे इकडेतिकडे मिळणाऱ्या फाइली बऱ्याचदा एक्सएपीके किंवा एपीकेएस असतात. त्यांच्यावर गाडीत नुसतं बोट ठेवून काही होत नाही, त्यांना वेगळा इन्स्टॉलर लागतो. अ‍ॅपला किमान कोणतं अँड्रॉइड लागतं तेही बघा, कारण गाडीतली आवृत्ती तुमच्या फोनपेक्षा जुनी असण्याची शक्यता दाट. प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा, हेही जुळायला हवं. गाडीत गूगल प्ले सर्व्हिसेस नसतील तर गूगलच्या लॉगिनवर अडणारी अ‍ॅप्स चढतील, पण उघडल्यावर हात वर करतील. साइटवर एसएचए-२५६ चा आकडा (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) दिला असेल तर लॅपटॉपवर तो पडताळून घ्या, मिनिटभराचं काम आहे.

पेन ड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचा घ्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅट प्रत्येक गाडीला वाचता येत नाही. फॉरमॅट करण्याआधी त्यातली गाणी आणि बाबांची भजनं दुसरीकडे हलवा, नाहीतर घरात वेगळाच कार्यक्रम होईल. काही गाड्यांना फाइल ठरावीक नावाच्याच फोल्डरमध्ये लागते, त्यासाठी आपल्या मॉडेलच्या मालकांना विचारलेलं बरं.

परतीची वाट आधी आखा. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा, आवाजाच्या आणि कॅमेऱ्याच्या सेटिंग्जचा फोटो काढून ठेवा. फॅक्टरी रीसेट कुठे आहे ते आधीच शोधा. रीसेटने जोडलेले फोन आणि सेव्ह केलेले पत्ते जातात, हे लक्षात असू द्या. वॉरंटीबद्दल सर्व्हिस सेंटरला फोनवर नाही, मेलवर विचारा. कंपनीच्या पुढच्या अपडेटने टाकलेलं अ‍ॅप उडू शकतं किंवा ही वाटच बंद होऊ शकते. तसं झालं तर कंपनीशी भांडायला आपल्याकडे मुद्दा नसतो.

इग्निशन नुसतं ऑन ठेवून तासभर स्क्रीनशी खेळलात तर १२ व्होल्टची बॅटरी बसते. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. इलेक्ट्रिक गाडी ‘रेडी’मध्ये ठेवा म्हणजे मोठी बॅटरी छोटीला चार्ज करत राहते. पेट्रोल-डिझेलची गाडी असेल तर इंजिन चालू ठेवून काम करा, पण उघड्यावर. बंद गॅरेजमधला धूर जीव घेतो.

‘स्क्रीनमधल्या अ‍ॅपने गाडीला काय होणार?’ असं वाटत असेल तर २०१५ ची जीप चेरोकी आठवा. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन सुरक्षा संशोधकांनी म्युझिक सिस्टीमच्या मोबाइल जोडणीतून शिरून चालत्या गाडीचं ट्रान्समिशन बंद पाडून दाखवलं आणि फियाट क्रायस्लरने अमेरिकेत सुमारे १४ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला. म्हणून अ‍ॅपने मागितलेली प्रत्येक परवानगी वाचा. नकाशाला लोकेशन द्या, कॉन्टॅक्ट्स कशाला? गूगल अकाउंटही गाडीसाठी वेगळं काढा. एडीबीने (लॅपटॉपवरून अँड्रॉइडला हुकूम द्यायचं साधन) मूळ अ‍ॅप्स उडवायच्या भानगडीत पडू नका. डेव्हलपर मोड आणि अनोळखी स्रोतांची परवानगी काम झालं की बंद करा.

अ‍ॅप चढलं की लगेच रस्त्यावर निघू नका. पार्किंगमध्येच ब्रेकवर पाय ठेवून रिव्हर्स टाका. ‘इतर अ‍ॅप्सच्या वर दिसण्याची’ परवानगी दिलेली असेल तर तरंगतं बटण नेमकं कॅमेऱ्याच्या चित्रावर येऊन बसू शकतं. तसं दिसलं तर ती परवानगी काढा, तरीही हटलं नाही तर अ‍ॅपच काढा. नकाशाची सूचना चालू असताना पार्किंग सेन्सरचा बीप ऐकू येतो का, फोन आला तर गाणं थांबतं का, एसी स्क्रीनवरून चालतो का, हे एकेक करून बघा. मराठी कीबोर्डवर ‘श्रीवर्धन’ आणि ‘कऱ्हाड’ टाइप करून पाहा. अक्षरं सुटी-सुटी पडली तर दोष कीबोर्डचा नाही, गाडीतल्या फॉन्टचा, आणि तो एपीकेने सुटत नाही.

गाडी सर्व्हिसिंगला द्यायच्या आदल्या रात्री अकाउंटमधून लॉगआउट करा. विकताना तर थेट फॅक्टरी रीसेट.