शनिवारी रात्री साडेबारा म्हणजे नक्की कोणता वार? रेडिओच्या वेळापत्रकाला मार्कअप कसं लावायचं

लहान रेडिओ स्टेशनचं वेळापत्रक आपल्याकडे कुठे असतं, तर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जेपीजीत. कोणीतरी कॅनव्हात केशरी बॅकग्राउंडवर "दररोज सायं. ७.३०, पुनःप्रसारण दु. २.३०" असं टाकतं, तोच फोटो उचलून वेबसाइटवर चिकटवतात आणि झालं काम. डोळ्यांनी बघणाऱ्याला ते कळतं, पण सर्च इंजिनला, कॅलेंडर ॲपला, स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध श्रोत्याला तो फक्त एक फोटो. आणि रेडिओचे कट्टर श्रोते कोण असतात ते वेगळं सांगायला नको.

यावर उपाय म्हणजे मार्कअप, पानाच्या कोडमध्ये मशीनला वाचता येईल अशा ठरावीक शब्दांत लिहिलेली माहिती. मी एका कम्युनिटी रेडिओला हे काम हौसेखातर करून दिलंय, त्यात जिथे जिथे आपटलो ते सगळं खाली आहेच. कोडिंग फार यायला पाहिजे असं काही नाही, एक्सेल किंवा गुगल शीट येत असेल आणि वेबसाइटच्या पानात चार ओळी पेस्ट करता येत असतील तर बास.

एक सूचना आधीच देतो. खाली मी सगळी नावं देवनागरीत लिहिलीयत, पण कोडमध्ये ती इंग्रजीतच टाईप करायची आणि कॅपिटल-स्मॉल जसंच्या तसं ठेवायचं. प्रकाराचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होतं, म्हणजे ब्रॉडकास्टइव्हेंटमधला (एक प्रसारण) बी आणि ई दोन्ही मोठे, आणि गुणधर्माचं नाव छोट्याने, म्हणजे स्टार्टडेटचा (सुरू व्हायची वेळ) एस छोटा पण डी मोठा. स्पेलिंग स्कीमा डॉट ऑर्गवरून (मार्कअपचे शब्द जिथे दिलेत ती साइट) कॉपी करा, स्वतःच्या भरवशावर राहू नका.

पायरी १: कार्यक्रम वेगळा, प्रसारण वेगळं

सगळं अवघड हेच आहे, बाकी नुसतं टायपिंग. आपण बोलताना "साडेसातचा कार्यक्रम" म्हणतो, म्हणजे वेळ आणि कार्यक्रम एकच करून टाकतो. पण तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी परत लागतो, सहा महिन्यांनी परत लागतो, मग त्याची वेळ कोणती सांगणार? बीबीसीने २००७ मध्ये त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला एकेक पान दिलं तेव्हा हा गुंता बरोबर सोडवला होता: मालिका वेगळी, मालिकेचा भाग वेगळा, त्या भागाचं प्रत्येक प्रसारण वेगळं आणि ज्या चॅनलवर ते लागलं तो चॅनल वेगळा. पानाच्या पत्त्यात ना तारीख घातली ना चॅनलचं नाव, कारण कार्यक्रम उद्या दुसऱ्या चॅनलवर गेला तर पत्ता खोटा पडतो.

तर शीटमध्ये चार टॅब करा, मालिका, भाग, प्रसारण, चॅनल. प्रसारणाच्या टॅबमध्ये एका ओळीत एकच प्रसारण, "रोज" किंवा "सोम ते शुक्र" असलं काही तिथे लिहायचं नाही. आमच्याकडे पहिल्यांदा हे केलं तेव्हा कळलं की वेळापत्रकात दोन कार्यक्रम एकाच वेळेला लिहिलेले होते, आणि ते कित्येक महिने कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं!

पायरी २: वेळ

इथे आपली मराठी आडवी येते. साडेसात, पावणेनऊ, दीड, अडीच, "संध्याकाळी", "पहाटे", हे मशीनला काही कळत नाही. त्याला लागतं आयएसओ ८६०१ पद्धतीचं, म्हणजे तारीख-वेळ लिहायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचं: आधी २०२६-०१-१४, मग इंग्रजी मोठा टी, मग १९:३०:००, आणि शेवटी +०५:३०, म्हणजे आपली भारतीय वेळ. मधे कुठेही स्पेस नाही. आकडे इंग्रजीच पाहिजेत. मी इथे देवनागरी आकडे लिहिलेत पण कोडमध्ये तसे टाकलेत तर तारीख तारीख राहत नाही, आणि मराठी साइटवर ही चूक हमखास होते कारण पानावरचा मजकूर तसाच खाली कॉपी होतो.

आता शनिवारी रात्री साडेबारा. बोलताना आपण त्याला शनिवारची रात्र म्हणतो, पण कॅलेंडरला तो रविवार असतो. १७ जानेवारी २०२६ ला शनिवार आहे, तर त्या रात्रीचं साडेबाराचं प्रसारण १८ तारखेला ००:३० असं जाणार. मी हे १७ लिहून ठेवलं होतं, म्हणजे कार्यक्रम कागदोपत्री एक अख्खा दिवस आधीच होऊन गेला, आणि ज्यांनी कॅलेंडरला जोडून घेतलं होतं त्यांना शुक्रवारी मध्यरात्री रिमाइंडर वाजला. एका काकांनी फोन करून शांतपणे विचारलं, "अहो, कार्यक्रम नाही तर उठवता कशाला?" आषाढीच्या महापूजेच्या थेट प्रसारणाला पण हाच घोळ होतो, पूजा पहाटे आणि जाहिरातीत "दशमीच्या रात्री".

+०५:३० लिहायचा कंटाळा करू नका. न्यू जर्सीत बसून ऐकणाऱ्याला आपला साडेसातचा कार्यक्रम हिवाळ्यात सकाळी ९ ला लागतो आणि उन्हाळ्यात १० ला, कारण तिकडची घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये सरकतात. आपलं घड्याळ वर्षभर तेच असतं त्यामुळे आपण फक्त आपली वेळ नीट सांगायची, पुढचा हिशोब त्याचा फोन करतो. स्टेशनच तिकडे असेल तर मात्र तुमचा आकडा वर्षातून दोनदा बदलेल.

पायरी ३: मार्कअप लिहा

शब्द घ्यायचे स्कीमा डॉट ऑर्गचे. २०११ मध्ये गुगल, बिंग आणि याहू यांनी मिळून हे सुरू केलं, आणि २०१३ मध्ये त्यात टीव्ही-रेडिओसाठीचे शब्द आले, त्याला बीबीसी आणि युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा हातभार होता. लिहायची पद्धत जेसन-एलडी, म्हणजे पानात एक स्क्रिप्ट टॅग टाकायचा, त्याचा टाइप ॲप्लिकेशन स्लॅश एलडी प्लस जेसन, आणि आत महिरपी कंसात माहिती. सांगाडा असा:

रेडिओएपिसोड
नेम: कांदाचाळ कशी बांधावी
एपिसोडनंबर: ४२
इनलँग्वेज: एमआर (म्हणजे मराठी)
पार्टऑफसिरीज: रेडिओसिरीज, शेतीच्या गप्पा
पब्लिकेशन: दोन ब्रॉडकास्टइव्हेंट, एक बुधवारचा, एक पुनःप्रसारणाचा

प्रत्येक ब्रॉडकास्टइव्हेंटच्या पोटात स्टार्टडेट, एंडडेट आणि पब्लिश्डऑन. पब्लिश्डऑन म्हणजे कोणत्या चॅनलवर, तिथे ब्रॉडकास्टसर्व्हिस येतं, ज्यात स्टेशनचं नाव, ब्रॉडकास्टफ्रिक्वेन्सी आणि ब्रॉडकास्टटाइमझोन. हे एकदाच लिहा, त्याला एक आयडी द्या आणि बाकी सगळीकडून नुसता आयडी दाखवा, नाहीतर फ्रिक्वेन्सी बदलली की शंभर पानं उघडून बसावं लागतं. थेट कार्यक्रम असेल तर इजलाइव्हब्रॉडकास्ट ट्रू करा. एंडडेट माहीत नसेल तर अंदाजाने टाका, कीर्तन काय वेळेवर संपत नाही हे सगळ्यांनाच माहितीय.

कोड व्हॉट्सॲपवर पाठवून तिथून कॉपी करू नका आणि वर्डमध्ये तर लिहूच नका, सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात आणि अख्खा ब्लॉक मरतो. शेवटच्या ओळीनंतरचा स्वल्पविरामही तसाच घातकी, पानावर काहीच बिघडलेलं दिसत नाही, फक्त मशीन गप्प बसतं.

पायरी ४: डोळ्यांना दिसणारं पण नीट करा

नुसतं लपलेलं मार्कअप टाकून फोटो तसाच ठेवलात तर अंध श्रोत्याला काय मिळालं? साधा टेबल करा, आणि वेळेभोवती एचटीएमएलचा टाइम टॅग लावा, त्याच्या डेटटाइममध्ये मशीनची वेळ, आत दिसायला "संध्याकाळी साडेसात". बीबीसीने आधी एचकॅलेंडर नावाचा मायक्रोफॉरमॅट, म्हणजे मार्कअपचीच एक जुनी पद्धत, वापरला होता, त्यात मशीनची तारीख ॲब्रिव्हिएशन टॅगच्या टायटलमध्ये लपवायचे, आणि काही स्क्रीन रीडर तो आकड्यांचा डबा जसाच्या तसा वाचून दाखवायचे. जून २००८ मध्ये त्यांनी ते काढूनच टाकलं. माणसाचं ऐकणं बिघडवून मशीनला खूश करण्यात अर्थ नाही हे त्यांना कळलं, मला पटलं.

पायरी ५: तपासा, पण योग्य ठिकाणी

स्कीमा मार्कअप व्हॅलिडेटर नावाच्या तपासणीच्या साइटवर पानाचा पत्ता टाका, लाल काही दिसलं तर ओळ क्रमांक बघून दुरुस्त करा. गुगलची रिच रिझल्ट टेस्ट मात्र रेडिओच्या भागाला "काही सापडलं नाही" छापाचं उत्तर देईल, त्याने घाबरू नका, ती फक्त गुगल जे सजवून दाखवतं तेवढंच तपासते. ब्रॉडकास्टइव्हेंटमुळे गुगलवर "लाइव्ह" असा बिल्ला मिळतो खरा, पण तो व्हिडिओला. कोणी एजन्सीवाला "मार्कअप लावा, रेडिओ पहिल्या नंबरवर आणतो" म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा. फायदा आहे तो तुमचाच डेटा तुम्हाला परत वापरता येतो यात, त्याच शीटमधून पान, कॅलेंडरची फाइल, आणि हो, ते केशरी जेपीजी पण.

पायरी ६: बदल झाला की

मॅच लांबली, पाहुणे आले नाहीत, वीज गेली. प्रसारण पुढे ढकललं तर जुनी ओळ उडवायची नाही, इव्हेंटस्टेटसमध्ये इव्हेंटरीशेड्यूल्ड टाका, प्रीव्हियसस्टार्टडेटमध्ये जुनी वेळ आणि स्टार्टडेटमध्ये नवी. रद्दच झालं तर इव्हेंटकॅन्सल्ड, आणि तिथे दोन एल लागतात. हे काम एकाच माणसाकडे द्या, शक्यतो ड्युटी रूममध्ये बसणाऱ्याकडे, कारण वेळापत्रक बदललं हे त्याला सगळ्यात आधी कळतं आणि वेबसाइटवाल्याला सगळ्यात शेवटी, तेही कोणा श्रोत्याने फोन केला तर.