मेवनचा एरर जातच नाही? आधी हे करून बघा

इकडे सिडकोत लाइट गेली की नेट जातं, मेवनचं (जावा प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्ररी नेटवरून आणणारं टूल) डाउनलोड अर्धवट राहतं आणि नंतर पॉम फाइल (त्या लायब्ररींची यादी असते ती) कितीही तपासा, एक्लिप्स या कोड एडिटरमधली एररची लाल फुली तशीच, कारण फसलेल्या जारसाठी (लायब्ररीच्या फाइलसाठी) मेवन दिवसभर परत ट्रायच करत नाही.

१. होम फोल्डरमधल्या डॉट एमटू (.m2) या मेवनच्या फोल्डरच्या रिपॉझिटरीत ‘लास्टअपडेटेड’ (lastUpdated) सर्च करा, नावाच्या शेवटी हे असलेल्या फाइल्सच तेवढ्या उडवा.
२. एक्लिप्समध्ये प्रोजेक्ट सिलेक्ट करून ऑल्ट+एफ५, ‘फोर्स अपडेट’वर टिक, ओके. तरी राहिलं तर प्रोजेक्ट क्लीन.

अख्खं डॉट एमटू मात्र उडवू नका, सेटिंग्जची फाइल तिथेच असते आणि हाताने टाकलेले जारपण जातात, मी एकदा केलंय, अख्खी दुपार डाउनलोड बघत बसलो.