जुन्या मोटारीचे इंजिन किंचाळते तेव्हा : या चुका टाळा

जुन्या मोटारीच्या बॉनेटखालून कर्कश किंकाळी ऐकू आली की बहुतेकांचा हात आधी पान्याकडे जातो आणि फॅन बेल्ट आवळला जातो. आवाज थांबला तर दुरुस्ती झाली असे समजायचे आणि न थांबला तर बेल्ट आणखी आवळायचा, ही या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अशा मोटारींत क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीवरून निघालेला एकच बेल्ट बहुधा वॉटर पंप, फॅन आणि डायनॅमो (गाडीची वीज तयार करणारे यंत्र) या तिन्हींना फिरवतो. तो फाजील ताणला की पंपाचा आणि डायनॅमोचा शाफ्ट सतत एका बाजूला ओढला जातो, तिथली बेअरिंग लवकर झिजतात आणि ज्या आवाजावर स्वस्तात उपाय झाला असता, त्याच्या जागी पंप उतरवण्याचे काम येऊन पडते. दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब पट्ट्यात अंगठ्याने मध्यभागी दाबल्यावर बेल्ट साधारण १२ मिलिमीटर आत जावा, असा ढोबळ अंदाज आहे. मात्र त्या मोटारीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा.

दुसरी चूक म्हणजे आवाज केव्हा येतो हे न टिपताच तो कुठून येतो हे शोधू लागणे. थंड इंजिन सुरू करताच किंवा ॲक्सिलरेटर झटक्यात दाबताच किंकाळी उठत असेल आणि हेडलाइट लावल्यावर ती वाढत असेल, तर भार आल्यावर बेल्ट घसरतो आहे असे मानायला जागा आहे. इंजिनच्या वेगाबरोबर ठरावीक लयीत चिरचिर होत असेल, तर पुल्या एका रेषेत नसाव्यात किंवा बेल्टचा एखादा भाग खराब झालेला असावा. गाडी उभी असताना क्लचच्या पेडलवर पाय ठेवताच आवाज सुरू झाला किंवा बंद पडला, तर बेल्टकडे पाहण्याचे कारणच नाही. संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर) किंवा गिअरबॉक्सचा शाफ्ट ज्यात टेकतो त्या क्रँकशाफ्टच्या टोकाच्या बुशवर (शाफ्टला आधार देणाऱ्या धातूच्या नळकांडीवर) घ्यावा.

बेल्टवर तेल, ग्रीस किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारून आवाज दाबण्याचा मोह टाळावा. तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते, पुलीची खाच निसरडी होते आणि आधी किंचाळणारा बेल्ट आता मुकाट घसरू लागतो, जे अधिक वाईट. त्याऐवजी साधे पाणी वापरावे. इंजिन चालू ठेवून, पंख्यापासून हात दूर राखून आणि डिस्ट्रिब्युटरवर (स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागावर) थेंब उडणार नाहीत अशा बेताने, बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडे पाणी फवारावे. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुल्यांची रेष चुकली आहे किंवा बेल्टच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या आहेत. आवाज उलट वाढला, तर बेल्ट खरोखरच सैल आहे.

यापेक्षाही निर्णायक कसोटी म्हणजे बेल्ट काढून इंजिन चालवणे, आणि ती टाळण्याइतकी अवघड मुळीच नाही. इंजिन पूर्ण थंड असावे आणि ते एका मिनिटापेक्षा जास्त चालवू नये, कारण बेल्टशिवाय वॉटर पंप फिरत नाही. आवाज नाहीसा झाला, तर इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. चांगले बेअरिंग बोटांना जाणवतसुद्धा नाही; बिघडलेले खरखरते किंवा मध्येच अडखळते. पंपाची पुली पुढे-मागे हलवल्यावर खेळ जाणवला, किंवा पंपाखालच्या छोट्या छिद्राशी पाण्याचे डाग दिसले, तर पंपाचे आयुष्य संपत आले आहे. ज्या फार जुन्या पंपांना ग्रीसची वाटी असते, त्यांत वॉटर पंपासाठीचेच ग्रीस भरावे, साधे ग्रीस पाण्याबरोबर वाहून जाते. डायनॅमोच्या बाबतीत पुढच्या बेअरिंगची काळजी घेतली जाते आणि मागचा बुश विसरला जातो. लुकास सी-४० सारख्या डायनॅमोच्या मागच्या झाकणावर त्यासाठी मुद्दाम छिद्र ठेवलेले असते. त्यात इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब पुरतात, अधिक घातल्यास तेल कम्युटेटरवर (ज्यावर डायनॅमोचे ब्रश टेकतात त्या तांब्याच्या भागावर) जाते.

बेल्ट काढूनही किंकाळी कायम राहिली, तर डिस्ट्रिब्युटर तपासावा. हा गुन्हेगार इतक्या वेळा सुटतो की माझ्या मते प्रत्येक तपासणीत त्याचे नाव दुसऱ्या क्रमांकावर असायला हवे. त्याचा शाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, तेलाच्या थेंबांवर जगतो आणि बुश कोरडा पडला की मंद गतीवर असा चीत्कार करतो की ऐकणाऱ्याला तो थेट बेल्टचा वाटावा. पॉइंट्सची (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची) टाच कोरड्या कॅमवर (त्यांना उघडणाऱ्या, शाफ्टवरच्या उंचवट्यांवर) घासली तरीही तसाच आवाज येतो. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखालचा फिरता तुकडा, म्हणजे रोटर, उचलून त्याखाली तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत आणि कॅमला ग्रीसचा नुसता ओशटपणा द्यावा. पॉइंट्सच्या तोंडाला तेल लागले, तर आवाज जाईल पण गाडी अडखळू लागेल.

किंकाळीऐवजी बारीक शीळ असेल, तर इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून, म्हणजे सांध्यातल्या पट्टीतून, हवा आत ओढली जात असण्याची शक्यता असते. अशा वेळी गरम इंजिनवर पेट्रोल किंवा ज्वलनशील द्रव शिंपडून गळती शोधण्याची पद्धत आजही काही जण वापरतात. तिच्यातून आग लागू शकते, ती सोडून द्यावी. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक सांध्यांवरून फिरवले तरी जागा सापडते, शिवाय आवाज ऐकण्यासाठी लांब स्क्रूड्रायव्हर पंख्याजवळ नेण्याचा धोकाही टळतो. हे सगळे करताना बाह्या दुमडलेल्या असाव्यात, गळ्यात काहीही लोंबू नये आणि गॅरेजचे दार उघडे असावे.

नवा बेल्ट घेताना केवळ लांबी पाहणे ही शेवटची चूक. व्ही-बेल्टची पकड त्याच्या तिरप्या कडांवर असते, तळावर नव्हे. रुंद खाचेत अरुंद बेल्ट बसवला की तो तळाशी टेकतो आणि कितीही आवळला तरी घसरतो. पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल, तर हेच घडते आहे असे समजावे. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवलेल्या मोटारीत तक्रार अधिक येते, कारण भार वाढतो, छोट्या पुलीला बेल्टचा कमी विळखा पडतो आणि नवा ब्रॅकेट पुल्यांची रेष बिघडवतो. सरळ धातूची पट्टी पुल्यांच्या तोंडांवर टेकवून ती रेष तपासावी. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा ताणला जातो, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांनंतर, इंजिन थंड असताना, त्याचा ताण पुन्हा एकदा पाहावा.